बियांपासून सेलेरी: आपल्या विदर्भात कुणी लावली आहे का?

मोगरा_आर्वी | ४ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. आमचं गाव आर्वी तालुक्यात. घरामागे चांगली परसबाग आहे, विहिरीला पाणी आहे. सांबार (कोथिंबीर), मेथी, पालक, वांगी, भेदरं (टोमॅटो) दरवर्षी भरपूर होतात. धाकटीला सूप फार आवडतं आणि त्यात सेलेरी हवीच असते. ती आणायची तर नागपूर नाहीतर अमरावती गाठा, आणि तिथेही एवढी मोठी जुडी घ्यावी लागते की अर्धी सुकून जाते. म्हणून यंदा घरीच लावायची असं ठरवलं आहे.

बियांचं पाकीट आलं. उघडून पाहिलं तर बी ओव्यापेक्षाही बारीक. पाकिटावर '१५ ते २० अंश तापमानात पेरा' एवढंच लिहिलंय. आता सप्टेंबरात आमच्याकडे १५ अंश कुठून आणायचे? रात्रीसुद्धा पारा २३-२४च्या खाली उतरत नाही. पुढे ऑक्टोबरचं ऊन आहेच. थंडीची वाट पाहत दिवाळीनंतर पेरलं तर हाती काही लागेपर्यंत उन्हाळा उजाडेल.

विदर्भात, खेड्यात, कुणी बियांपासून केली असेल तर सविस्तर सांगा. पुण्या-नाशिककडचे अनुभव वाचले, पण तिकडची हवा वेगळी.

कायी_माती | ४ सप्टेंबर

ताई, मले तं वाट्टे का हे आपल्या इकडचं पीकच नाही. थंडी जेमतेम दोन महिने, त्यातबी दुपारी ऊन तापते. एवढी मेहनत सांबारावर केली तं घरभर सांबार होईन. लावाचीच असन तं चार कुंड्यांत लावून पाहा, वावरात नका नेऊ. आन् काय झालं ते इथं नक्की लिहा, मलेबी पाह्यचं हाय.

वैनगंगाकाठ | ५ सप्टेंबर

मोगराताई, होते. मी भंडारा जिल्ह्यात राहतो. घराच्या उत्तरेच्या ओट्यावर आणि न्हाणीजवळच्या ओलसर जागेत दर हिवाळ्यात लावतो. कायी_माती भाऊ म्हणतात त्यात तथ्य आहे. मॉलमध्ये दिसते तशी जाड, फिकट दांड्यांची हातभर जुडी आपल्या हवेत होणं कठीण. पण बोटाएवढ्या दांड्या आणि भरपूर पानं जानेवारीच्या अखेरीपासून होळीपर्यंत घरापुरती मिळतात. अपेक्षा तेवढीच ठेवा, मग निराशा होत नाही.

आधी झाडाचा स्वभाव. ही मुळात थंड प्रदेशातली, दलदलीच्या काठची वनस्पती. गाजर, कोथिंबीर, ओवा, बडीशेप यांच्याच कुळातली, पण पाण्याच्या बाबतीत या सगळ्यांहून हट्टी. मुळं उथळ असतात, वरची वीतभर माती सुकली की हिला दुसरीकडून पाणी मिळत नाही. एक-दोनदा जरी ताण बसला तरी दांड्या कडू, दोरेदार आणि आतून पोकळ होतात. आणि वाढ अतिशय संथ. बी रुजायला दोन-तीन आठवडे, रोप लावणीजोगं व्हायला त्यापुढे दोन-अडीच महिने, आणि लावणीनंतर पूर्ण जुडीला आणखी तीन महिने. आपला हिवाळा एवढा लांब नाही. म्हणून रोपांचे पहिले दोन महिने उष्ण हवेतच, पण सावलीत आणि गारव्यात काढायचे, आणि खरी वाढ थंडीत करून घ्यायची. विदर्भात सेलेरी साधण्याचा मला तरी हा एकच मार्ग दिसतो.

पेरणी आत्ता लगेच करू नका. आत्ता हवा दमट आहे, माठातलं पाणीसुद्धा गार होत नाही. पाऊस उघडून हवा कोरडी व्हायला लागली की ओल्या पोत्याने चांगला गारवा येतो. मी घट बसतात त्या सुमारास पेरतो.

मातीचा पसरट परळ घ्या. चाळलेलं गांडूळ खत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं भरून आधीच चिंब करून ठेवा. बी रात्रभर पाण्यात भिजवा, ते पाणी फेकून द्या. ओलं बी चिमूटभर कोरड्या बारीक रेतीत घोळवून वर भुरभुरवा आणि तळहाताने हलकं दाबा. वरून माती अजिबात टाकायची नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. या बीला रुजायला उजेड लागतो. आपल्याला सवय असते बी झाकायची, आणि बहुतेकांची सेलेरी तिथेच जाते.

परळ पाण्याच्या ताटात ठेवा म्हणजे खालून ओल चढत राहते. वरून झारीने पाणी दिलं तर बी वाहून कडेला जमतं. परळाच्या भोवती ओलं पोतं, वर पातळ पारदर्शक प्लास्टिक सैलसर. जागा घरातली सगळ्यात गार, पण उजेडाची: उत्तरेची खिडकी असेल तर तिच्याखाली, थेट जमिनीवर. ऊन पडता कामा नये. पहिले दहा-बारा दिवस काहीच दिसणार नाही. परळ उकरून बघू नका. नंतर दिसतो तो हिरवा ठिपका, शेवाळ धरलंय असं वाटतं. भिंगातून पाहिलं तर केसाएवढा देठ आणि त्यावर दोन लांबट दलं.

मोगरा_आर्वी | ५ सप्टेंबर

दादा, किती नीट सांगितलंत! मनापासून धन्यवाद. घट बसेपर्यंत थांबते. एक शंका. आमच्या घरात उत्तरेला खिडकी नाही, पडवी आहे आणि ती दुपारी तापते. बी फ्रिजमध्ये ठेवून रुजवलं तर?

अकोल्याचा_विद्यार्थी | ६ सप्टेंबर

ताई, फ्रिजचा उपयोग होतो, पण रुजवण्यासाठी नाही, रुजण्याआधी. ओव्याच्या कुळातल्या बऱ्याच बियांमध्ये उगवण रोखून धरणारी द्रव्यं असतात. भिजवल्याने ती थोडी धुऊन जातात, म्हणून ते पाणी फेकायचं. सेलेरीचं बी आणखी एक करतं. पंचविशीच्या वर तापमान गेलं की ते सुप्तावस्थेत जातं, म्हणजे मरत नाही, पण रुजतही नाही. तापमान जितकं जास्त तितकी उजेडाची गरज वाढते. भिजवलेलं बी ओल्या सुती फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात चार-पाच दिवस ठेवलं तर ही सुप्तावस्था बरीच मोडते. मग परळात पसरायचं. डीप फ्रीजरमध्ये मात्र कधीही नाही, ओलं बी गोठलं की संपलं.

दिवसा थोडी ऊब आणि रात्री गारवा असा चढउतार या बीला मानवतो, त्यामुळे रात्री परळ उघड्या ओट्यावर आणि दिवसा घरात असं केलंत तरी चालेल. पडवी तापत असेल तर दिवसा स्वयंपाकघरात माठाच्या तिवईखाली ठेवा, मात्र तिथे उजेड पोचतो का ते आधी बघा.

आपल्याकडे संत्र्याच्या बागा असणाऱ्यांच्या घरी जिब्रेलिक ॲसिड, म्हणजे झाडाच्या वाढीचं संजीवक, असतं. त्याने सेलेरीचं बी उष्णतेत आणि अंधारातही रुजू शकतं, हे शास्त्रीयदृष्ट्या खरं आहे. पण घरच्या चार कुंड्यांसाठी तो उद्योग करू नका, मात्रा चुकली तर रोपं लांबट, लुळी होतात.

आणि बी फार पेरू नका. एका ग्रॅममध्ये साधारण २५०० बिया असतात. अर्धा चमचा घेतलात तरी अख्ख्या गावाला रोपं वाटावी लागतील.

पूर्णाकाठ | ७ सप्टेंबर

छान धागा. आम्ही खारपाणपट्ट्यातले, दर्यापूरकडचे. इथे बोअरचं पाणी खारट आणि जमीन चोपण. सेलेरी लहान असताना असं पाणी सोसत नाही, पानांच्या कडा जळतात आणि परळावर पांढरा थर धरतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या मंडळींनी पावसाचं पाणी टाक्यात साठवून निदान रोपं होईपर्यंत तेच वापरावं. खालून पाणी देण्याची पद्धत आमच्याकडे जपून करावी लागते, कारण पाणी उडून जातं आणि मीठ वर येऊन साचतं. आठवड्यातून एकदा पावसाच्या पाण्याने परळ वरून हळूच धुऊन काढायचा, पाणी खालून निथळू द्यायचं.

मोगरा_आर्वी | २७ ऑक्टोबर

धागा वर आणते आहे. बी रुजलं! अगदी दादांनी लिहिलं तसे हिरवे ठिपके. फ्रिजची युक्ती आणि ओलं पोतं दोन्ही केलं होतं. आता काही रोपांना तिसरं पान फुटतंय, पण एका कोपऱ्यातली रोपं बुडापाशी बारीक होऊन आडवी पडताहेत. काय करू?

आजीचा_मळा | २७ ऑक्टोबर

बाळा, ही रोपमर. ओल जास्त, हवा कमी आणि दाटी झाली की बुरशी धरते. आडव्या पडलेल्या रोपांसकट तेवढी माती चमच्याने उचलून लांब टाक. प्लास्टिक आता काढून टाक, त्याचं काम संपलं. ताटातलं पाणी सतत नको. सकाळी भर, तासाभराने ओतून दे. सकाळचं कोवळं ऊन आता दाखवायला हरकत नाही, नऊनंतर सावली.

दोन खरी पानं आली की वेगळी करायला घे. खरी पानं सांबारासारखी कातरलेली दिसतात, पहिली दलं नाहीत. रोप देठाला धरून उचलू नकोस, देठ दबला की रोप गेलं. पान धर आणि खालून काडीने माती सैल कर. एकेक रोप कागदी पेल्यात लाव. लावताना मधला कोंब मातीत पुरला जाणार नाही एवढं बघ. शिल्लक रोपं फेकू नकोस, ती तशीच दाट वाढू दे आणि कात्रीने पानं कापून डाळीत घाल.

कायी_माती | २८ ऑक्टोबर

लय भारी ताई! रुजलं म्हन्जे अर्धं काम झालं. मले वाटलं नव्हतं. आता कायी माती वापरणार का कुंडीत?

वैनगंगाकाठ | २८ ऑक्टोबर

भाऊ, चांगला प्रश्न. नुसती काळी माती नको. पाणी दिलं की चिकट होते, सुकली की भेगा पडतात, आणि भेग पडताना वरची बारीक मुळं तुटतात. एक भाग काळी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग रेती किंवा कोकोपीट. काळ्या मातीचा गुण असा की ती ओल धरून ठेवते, तेवढ्यासाठी ती हवीच.

जमिनीत लावायची असेल तर रोपांत वीतभर अंतर ठेवा आणि मधोमध कच्च्या मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा. त्यात पाणी भरून झाकण ठेवलं की ते झिरपत राहतं. लाइट नसली, मोटर चालली नाही, दोन दिवस गावाला गेलात, तरी झाडाला ताण पडत नाही. मडकं नवं घ्या, रंगवलेलं नको. वरून सोयाबीनचं कुटार (भुसा) चार बोटं पसरा. ही दोन कामं केली तर बाकीची निम्मी चिंता मिटते.

झाड खादाड आहे. दर पंधरा-वीस दिवसांनी जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पातळ खत) किंवा शेणाची पातळ स्लरी द्या.

निशिगंध_वणी | २ नोव्हेंबर

विकतच्या सेलेरीचं बूड पाण्यात ठेवलं की पुन्हा फुटतं असे व्हिडिओ दिसतात. मग बियांची एवढी खटपट कशाला?

आजीचा_मळा | २ नोव्हेंबर

फुटतं गं, खोटं नाही. पण त्यातून पानं आणि बारीक दांड्या येतात, अख्खी जुडी होत नाही. त्या झाडाचं अर्धं आयुष्य आधीच झालेलं असतं, थोड्याच दिवसांत फुलोरा धरतं. एकदा-दोनदा पानं घ्यायला ठीक.

मोगरा_आर्वी | १९ डिसेंबर

रोपं जमिनीत लावून झाली, मडक्यासकट. तुराट्यांचा मांडवही केलाय दुपारच्या उन्हासाठी. गेल्या काही रात्री थंडी एकदम वाढली आहे. सेलेरीला थंडी आवडते म्हणतात, तर उघडी ठेवू ना?

अकोल्याचा_विद्यार्थी | १९ डिसेंबर

ताई, इथे जरा सांभाळा. थंड हवा आवडते, पण कडाक्याची थंडी सलग मिळाली तर वेगळाच प्रश्न उभा राहतो. सेलेरी द्विवर्षायू आहे: पहिल्या वर्षी पाला, मग हिवाळा, मग फुलं आणि बी. रोप थोडं मोठं झाल्यावर आठ-दहा दिवस १० अंशांच्या आसपास थंडी लागली की हिवाळा सरला असं धरून ते फुलोऱ्याच्या तयारीला लागतं. परिणाम लगेच दिसत नाही. फेब्रुवारीत ऊन वाढलं की मधून फुलांचा कडक दांडा सरळ वर येतो आणि पाला कडू होतो. लोक म्हणतात उन्हाने बिघडली, पण बीज डिसेंबरच्या रात्रींत पडलेलं असतं. नागपूर-गोंदियाकडे थंडीच्या लाटेत पारा दहाच्या खालीही जातो.

उपाय साधा आहे. लाट असेल तेवढ्या रात्री दुरडी किंवा गोणपाट झाका, सकाळी काढा. दिवसाची ऊब मिळाली की रात्रीच्या थंडीचा परिणाम बराच कमी होतो.

वैनगंगाकाठ | २० डिसेंबर

पूर्ण सहमत. आणि पुढच्या वर्षी बी घेताना पानांसाठीची सेलेरी मिळाली तर तीच घ्या, चायनीज सेलेरी किंवा लीफ सेलेरी नावाने येते. दांड्या बारीक, वास उग्र, पण आपल्या उन्हाला ती जास्त टिकते. टॉल युटासारख्या जाड दांड्याच्या जाती मेळघाटात चिखलदऱ्याकडे, जिथे स्ट्रॉबेरी होते, तिथे अधिक शोभतील.

निशिगंध_वणी | २४ जानेवारी

एक इशारा देऊन ठेवते, कारण घरात लहान मुलं आहेत अनेकांच्या. सेलेरी कापताना रस हाताला लागून तसंच उन्हात काम केलं तर दुसऱ्या दिवशी कातडीवर लाल चट्टे, फोड आणि मग काळपट डाग येऊ शकतात. लिंबाचा रस अंगावर सांडून उन्हात गेल्यावर येतात तसेच, कारण दोन्हीत फ्युरोकुमारिन गटातली द्रव्यं असतात. रोगट झाडात ती जास्त असतात. आमच्या शेजारच्या काकूंच्या मनगटावर असा पट्टा बरेच दिवस होता. ऊन चढण्याआधी काढा, लगेच साबणाने हात धुवा. काही जणांना सेलेरीची ॲलर्जीही असते. युरोपात तर पदार्थाच्या वेष्टनावर तिचा उल्लेख बंधनकारक आहे. पहिल्यांदा थोडीच खाऊन पाहा.

मोगरा_आर्वी | ११ फेब्रुवारी

मंडळी, पहिली तोड झाली! बाहेरच्या दांड्या बुडापासून मोडून घेतल्या, मधला गाभा तसाच ठेवला. सूप झालंच, पण सासूबाईंनी कोवळी पानं झुणक्यात घातली आणि तो सगळ्यांना फार आवडला. दांड्या करंगळीएवढ्या जाड आहेत, वास इतका की कापताना ओसरीपर्यंत येतो. थोड्या कडसर आहेत.

दोन झाडांचा मात्र मधला कोंब काळा पडलाय. कीड दिसत नाही. चुन्याची (कॅल्शियमची) कमतरता म्हणायची तर आमच्या जमिनीत चुनखडी भरपूर आहे.

अकोल्याचा_विद्यार्थी | ११ फेब्रुवारी

अभिनंदन ताई! कोंब काळा पडणं हे कॅल्शियमच्या कमतरतेचंच लक्षण, पण जमिनीत तो कमी आहे असा अर्थ नाही. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतो आणि ज्या पानांतून बाष्प जास्त उडतं तिकडेच जातो. मधला कोंब झाकलेला असतो, त्याच्या वाट्याला कमी येतो. पाणी कधी जास्त कधी कमी झालं की पहिला फटका त्यालाच. ती दोन झाडं मडक्यापासून लांब आहेत का ते पाहा. बाधित झाडाच्या बाहेरच्या दांड्या खायला चालतात, गाभा सडायला लागण्याआधी वापरून टाका. उरलेल्यांना पाणी नियमित ठेवा, नत्राचं खत आता थांबवा.

आजीचा_मळा | १२ फेब्रुवारी

कडसरपणा कमी करायचा तर दांड्या एकत्र सैल बांध आणि भोवती खाकी कागद गुंडाळ, पानं वर मोकळी राहू दे. दोन आठवड्यांत दांड्या फिकट आणि गोडसर होतात. माती चढवली तरी चालते, पण मग धुताना रेती निघता निघत नाही. ऊन वाढतंय, तर मांडवावर आणखी एक थर टाक.

मोगरा_आर्वी | १२ फेब्रुवारी

हो आजी, ती दोन्ही झाडं अगदी टोकाला, मडक्यापासून लांबच आहेत. आज तिथे दुसरं मडकं पुरलं. कागदही गुंडाळते.

कायी_माती | ३ मार्च

ताई, तुमचं वाचून म्याबी पुढच्या साली लावाचं ठरवलं. किराणा दुकानात अजमोद म्हनून जे बी भेटते ते पेरलं तं चालन का? आन् तुमच्या झाडाचं बी धरता येईन का?

वैनगंगाकाठ | ३ मार्च

भाऊ, अजमोद हे सेलेरीच्या बियांचंही नाव, पण दुकानात त्या नावाखाली एकाहून जास्त वनस्पतींचं बी मिळतं, त्यामुळे भरवसा नाही. शिवाय किती जुनं आहे कळत नाही. पंजाबात अमृतसर-गुरदासपूरकडे सेलेरी मसाल्याच्या बियांसाठी पिकते, मसाला मंडळाच्या यादीतही ती आहे. ते बी ताजं मिळालं तर पानांपुरतं रुजवायला चांगलं. उलट पेरणीचं पाकीटबंद बी मात्र मसाल्यात कधी वापरू नका, त्याला बुरशीनाशक लावलेलं असू शकतं.

घरचं बी धरता येतं. मोगराताई, जे झाड सगळ्यांच्या आधी फुलांचा दांडा काढेल ते बियांसाठी ठेवू नका. त्याचं बी धरलं तर पुढच्या पिढीतही लवकर फुलोरा येणारीच झाडं वाढतात. जे झाड सगळ्यांत शेवटी दांडा काढेल, ज्याच्या दांड्या भरीव असतील, ते राखा. मार्च-एप्रिलात त्याला पाणी आणि दुपारची सावली दोन्ही द्या. बारीक पांढऱ्या फुलांच्या छत्र्या येतील, मधमाश्या भरपूर येतात, त्या काळात फवारणी नको. बी तपकिरी झालं की छत्री कापून कागदी पिशवीत उलटी टांगा. वाऱ्यावर ठेवली तर निम्मं बी उडून जाईल. नीट वाळवून घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, तळाशी भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी घालून ठेवा. पावसाळ्याची दमट हवा लागली नाही तर तीन-चार वर्षं उगवण चांगली राहते.

मोगरा_आर्वी | ४ मार्च

दादा, एक झाड अजून अगदी भरीव आहे, फुलांच्या दांड्याचं नाव नाही. त्याला आजच लाल धागा बांधून ठेवला. कायी_माती भाऊ, पाकिटातलं बीही बरंच उरलंय. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा, घट बसायच्या आधी तुमच्याकडे पोचेल असं पाठवते. पूर्णाकाठ, तुम्हालाही हवं असेल तर कळवा.